लग्नाला दिलेल्या बॅटऱ्या

नुअमानने हयातभर बॅटरीला एकच काम सांगितलं होतं: सकाळी उठून इंजिनाला एक सणसणीत लाथ घालायची. त्यानंतर दिवसभर ती काय करते याची त्याने कधी चौकशी केली नाही. इब्ब शहरापासून आमच्या डोंगरावरच्या गावापर्यंत तो जीप चालवायचा. पिठाची पोती, बकऱ्या, अडलेल्या बाळंतिणी, एकदा तर एक मयत आणि एक नवरी एकाच फेरीत, असं सगळं त्याने वर आणलं आणि खाली नेलं. त्यामुळे बॅटरीच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा. कुणाची बॅटरी बसली की तो आधी ती उचलून बघे, मग कान लावून थोडा वेळ गप्प राही, मग मान हलवी. माणसं त्याच्या तोंडाकडे हकिमाकडे बघावं तशी बघत. खरं सांगायचं तर जीपच्या बॅटरीपलीकडे त्याला काही कळत नव्हतं, पण हे ना त्याला माहीत होतं ना आम्हाला.

मग लढाई सुरू झाली आणि वीज गेली. गेली ती गेलीच. खांब अजून उभे आहेत, त्यांना आता गाढवं बांधतात. गावाने आपापल्या गच्चीवर सोलरचे पत्रे टाकले आणि घरोघरी जिन्याखाली एकेक बॅटरी येऊन बसली. दोन दिवे, फोन, फार तर बातम्यांपुरता टीव्ही. एवढ्यावर आमचं भागत होतं, नुअमानचंही भागलं असतं, पण त्याच्या बायकोची छाती बिघडली.

हूरियाने त्या घरात सून म्हणून पाऊल टाकलं तेव्हापासून तंदूरसमोर बसून रोट्या थापल्या होत्या. धूर डोळ्यांत जातो एवढंच आम्हाला ठाऊक, तो छातीतही घर करतो हे कुणी सांगितलं नव्हतं. आधी गच्चीवर चढताना दम लागायचा, मग बोलताना लागायला लागला, मग आडवं झालं की जीव घुसमटायला लागला. इब्बच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, हिला झोपताना प्राणवायू लागेल. हवेतून प्राणवायू गाळून नळीने नाकाशी देणारं एक मशीन मिळतं, ते रात्रभर लावायचं. मुलगा फारिस सीमेपलीकडे जिझानला मेंढ्या राखायच्या कामावर होता. त्याने ते मशीन गावी परतणाऱ्या एका माणसाच्या हाती धाडलं. घरात मशीन आलं, पण ते रात्रभर चालवायचं कशावर?

नुअमान छाती काढून इब्बच्या बॅटरी गल्लीत गेला आणि सगळ्यात थोराड ट्रकची बॅटरी उचलून घेऊन आला. अब्दु नाजी नावाचा दुकानदार काहीतरी सांगू बघत होता, तर याने त्याला हातानेच थांबवलं. बॅटरी मला शिकवू नको, म्हणाला. महिना दोन महिने मशीन चाललं. मग वीज संपली म्हणून ते पहाटेच ओरडायला लागलं, मग मध्यरात्री, मग निजानीज व्हायच्या आत. नुअमानने बॅटरी उचलून पाहिली, कान लावला. वजन तेवढंच होतं, आवाजही तोच होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही म्हणजे काही कळेना.

गावात दुपारच्या बैठकीत गात नावाच्या झुडपाची, तरतरी आणणारी कोवळी पानं गालात धरून बसलं की दुनियेतला कुठलाही प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटतो. नुअमानचाही सोडवायला घेतला. जलाल म्हणाला, फोनच्या टॉवरवरच्या जुन्या बॅटऱ्या मिळतात, त्या घ्या. हा जलाल गावातल्या सगळ्या तारा जोडणारा पोरगा, कामाला चलाख, डोक्याने थोडा घाईचा. मुतह्हर, म्हणजे नुअमानचा चुलतभाऊ, वरच्या मोठ्या घराचा मालक, म्हणाला की सना शहरात त्याच्या मेव्हण्याकडे लिथियमची आहे, पेटीएवढी, तीच घ्यावी. तिसऱ्याने जनरेटर सांगितला, चौथ्याने जिन्याखाली काळं कोंबडं कापायला सांगितलं. बैठक उठली तेव्हा नुअमान आला होता त्यापेक्षा जास्त गोंधळलेला होता. घरी येऊन त्याने ट्रकची बॅटरी जीपमध्ये घातली आणि मान खाली घालून पुन्हा अब्दु नाजीकडे गेला.

अब्दु नाजीने मागचं काही काढलं नाही. चहा मागवला आणि, आमच्याकडे मोठ्या मुलाच्या नावाने बापाला अबू नि आईला उम्म म्हणतात तशी हाक मारून, म्हणाला, "अबू फारिस, ट्रकची बॅटरी म्हणजे पैलवान. एकदा धोंडा उचलेल आणि बसेल. तुला हमाल पाहिजे. रात्रभर ओझं घेऊन सावकाश चालणारा आणि सकाळी पुन्हा उभा राहणारा."

"मग हमाल दाखव," नुअमान म्हणाला.

अब्दु नाजीने डीप सायकलच्या, म्हणजे रोज सावकाश उतरून पुन्हा भरणाऱ्या, तीन तऱ्हेच्या बॅटऱ्या दाखवल्या. एकीत पाणी घालावं लागे. ती स्वस्त, निगा राखली तर टिकाऊ, पण भरताना तिची वाफ सुटते, आणि नुअमानच्या जिन्याला लागूनच हूरियाची खोली. छातीच्या माणसाशेजारी ती नको, असं अब्दु नाजी स्वतःच म्हणाला. दुसरी लिथियमची, नुअमानने ती एका हाताने उचलली आणि लगेच खाली ठेवली. आमच्याकडे बॅटरी उचलूनच घेतात, जड ती खरी. एवढ्या हलक्या डब्यावर बायकोचा श्वास कसा सोपवायचा? शिवाय किंमत ऐकूनच तो मागे सरला, आणि आतलं कार्ड बिघडलं तर इब्बमध्ये दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. तिसरी होती ती बंद तोंडाची, आत पाण्याऐवजी खळीसारखा घट्ट रस. वाफ नाही, पाणी घालणं नाही, आणि उचलायला गेलं की कंबर मोडेल अशी. अशा दोन जोडल्या तर मशीन रात्रभर चालेल आणि सकाळी निम्मी वीज शिल्लक राहील. ती निम्मी राहिलीच पाहिजे, अब्दु नाजी बजावून म्हणाला. निम्म्याखाली उतरवायची नाही, घाईने भरायची नाही, आणि जुन्या बॅटरीशी जोडायची नाही, जुनी नवीला खाऊन टाकते.

त्या दोन बॅटऱ्यांसाठी नुअमानने जीप विकली. गावात कुणालाही विचारलं नाही, बैठकीतही विषय काढला नाही. त्याच्यासारख्या माणसाने जीप विकणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. रस्त्यावर कुणाचा हॉर्न वाजला की तो अजून दारात येतो.

पण हूरिया झोपायला लागली. आडवी झोपायला लागली, कुशीवर वळायला लागली, सकाळी उठून सुनेला टाकून बोलायला लागली. नुअमानने ते तिन्ही नियम नमाजासारखे पाळले. रोज सूर्य वर आला की पत्र्यांवरची धूळ पुसायची, मावळताना आकड्यांची पट्टी बघायची. दिवा जळत राहिला तर सुनेवर ओरडायचा. जिन्याखाली नातवंडांना खेळू देईना. घरात त्याला सगळे बॅटरीचा सासरा म्हणायचे आणि हूरिया नळी नाकाला लावून हसायची.

आता तकियाविषयी सांगायला हवं. तकिया ही हूरियाच्या मेलेल्या भावाची मुलगी, आईही लहानपणीच गेलेली, आत्याच्याच घरात वाढलेली. हूरियाला स्वतःची मुलगी नव्हती, हीच होती. तकियाचं आधी एकदा ठरलं होतं. ठरल्यावर मुलगा लढाईवर गेला आणि परत आला नाही. मुलं गेली ती काय त्याच घरातून गेली? पण बायकांच्या तोंडाला कोण धरणार. पोरीचा पायगुण बरा नाही, असं विहिरीपासून तंदूरपर्यंत कुजबुजत फिरलं आणि मग कुणी मागणी घालेना. तकिया हसणं विसरली. हूरियाला दम लागायचा त्यातला निम्मा या काळजीचा होता, असं नुअमान म्हणतो.

आणि मग मुतह्हरच्या मुरादने हट्ट धरला की करीन तर हिच्याशीच. मुतह्हरच्या बायकोने आदळआपट केली, पायगुणाचं काढलं, शेवटी मुलापुढे तिचं काही चालेना. लग्न ठरलं. हूरियाने त्या दिवशी नळी काढून ठेवून स्वतःच्या हाताने मध घालून पापुद्र्यांची रोटी केली, आणि नंतर संध्याकाळपर्यंत धापा टाकत बसली, पण चेहरा फुललेला.

आमच्याकडे लग्नघरी मेंढा, तांदूळ, गातच्या जुड्या नेण्याची रीत जुनी आहे. आज मी तुझ्याकडे नेलं, उद्या तू माझ्याकडे आणशील. वीज गेल्यापासून या देण्याघेण्यात बॅटऱ्याही आल्या. ज्याच्याकडे लग्न त्याच्या गच्चीवर गावभरच्या बॅटऱ्या गोळा होतात, जलाल त्या जोडतो आणि तीन रात्री ते घर खालच्या दरीतून दिसेल असं झगमगतं. बॅटरी नाकारणं म्हणजे त्या घरातल्या आनंदावर थुंकणं. असं कुणी केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मुतह्हर स्वतः आला. भला माणूस, त्याने आधी हूरियाची तब्येत विचारली. मग म्हणाला की नवरीची आई म्हणून तर तीच आहे, तेव्हा तिन्ही दिवस तिने आमच्याच घरी राहावं. बायकांच्या मजल्यावर तिला स्वतंत्र खोली, मशीन तिथेच लावू, बॅटऱ्या तिच्याबरोबरच येतील. यात नाही म्हणायला जागा कुठे होती? तरी नुअमानने आपले तिन्ही नियम जलालला समोर बसवून सांगितले. जलाल छातीवर हात ठेवून म्हणाला, काका, तुमच्या दोन वेगळ्या ठेवतो, फक्त काकूचं मशीन आणि नवरीची खोली.

पहिल्या रात्री त्याने शब्द पाळला. दुसऱ्या संध्याकाळी तइझहून गाणारा आला, त्याच्याबरोबर कपाटाएवढे दोन स्पीकर आले. गावच्या जुन्या बॅटऱ्या त्या आवाजापुढे माना टाकायला लागल्या आणि दिवे लुकलुकायला लागले, नेमके नवरीची वरात दारात येत असताना. उंबऱ्यावर तकिया, तिच्यामागे तोंडावर पदर घेतलेल्या बायका, आणि सासू वर दिव्यांकडे बघतेय. नवरी उंबरा ओलांडताना दिवा गेला असता, तर त्या मुलीला जन्मभर कोणी सुखाने जगू दिलं नसतं. जलालने एका झटक्यात नुअमानच्या दोन्ही बॅटऱ्या बाकीच्यांना जोडल्या. घर पुन्हा लख्ख झालं. तकियाने उंबरा ओलांडला. बॅटऱ्या निम्म्याखाली गेल्यावर वाजणारी शिट्टी वाजायला लागली, तर जलालने तिची तार काढून टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी रात्रीची सोय म्हणून त्याने सगळ्या बॅटऱ्या खाली अंगणात उतरवून पिठाच्या गिरणीच्या डिझेल इंजिनावर लावल्या, की दुपारपर्यंत भरतील.

नुअमान पुरुषांच्या बैठकीत मानाच्या जागी बसलेला. त्याला यातलं काही कळलं नाही. दुपारी तो सहज बॅटऱ्या बघायला खाली गेला आणि एकीवर हात ठेवला, तर चटका बसला. त्याने हाताने तारा ओढून काढल्या. जलाल धावत आला, घाबरला, माफी मागितली, काय झालं ते सगळं सांगितलं. आणि मग भाबडेपणाने म्हणाला, "काका, नवरी दारात असताना दिवा गेला असता तर?"

नुअमानने ओढून काढलेल्या तारा गुंडाळून बाजूला ठेवल्या. त्याच्या जागी आपण असतो तरी तेच केलं असतं, असं त्याला जलालविषयी वाटलं, आणि ते वाटल्यामुळे रागही धड येईना.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री मशीन पहाटेच्या किती तरी आधी ओरडलं. दुसऱ्या रात्री त्याहून आधी. नुअमानने पत्रे पुसले, तारा घासल्या, दिवसभर घरातलं दुसरं काही चालू दिलं नाही. मग मिळेल त्या पिकअपवर एक बॅटरी घालून इब्बला नेली. अब्दु नाजीने मीटर लावला, मग बॅटरीच्या फुगलेल्या पोटावरून अंगठा फिरवला आणि वर बघितलं नाही. आतला रस करपला, म्हणाला. एकदा करपला की त्याला ओला करता येत नाही. आता ही दिवसा ऊन असेतो साथ देईल, सूर्य गेला की थोडंच. दुसरी नवी जोडी? नुअमानकडे विकायला दुसरी जीप नव्हती. फारिसचा मालक त्याचा पगार पुढच्या हंगामावर ढकलत होता. नुअमान गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. जाणाऱ्या-येणाऱ्या ड्रायव्हरांनी ओळखून हात केले, त्याने कुणाला उलट हात केला नाही.

एक वाट मात्र उघडी होती. आमच्याकडे लग्नाला नेलेली वस्तू मोडली तर लग्नघराने भरून द्यायची, हे ठरलेलं. आणि मुतह्हर असा की त्याला नुसतं कळलं असतं तरी दुसऱ्या दिवशी नव्या बॅटऱ्या दारात आल्या असत्या. नुअमानने चप्पल पायात घातली. हूरियाने भिंतीला टेकूनच विचारलं, कुठे निघालात. त्याने सांगितलं.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? त्याचं देणं आहे ते. तो आनंदाने देईल."

"तो देईल हो. त्याची बायको काय देईल?" ती दम घ्यायला थांबली. "नवरी घरात आली आणि आत्याचा श्वास घेऊन गेली, असं म्हणतील. पहिला गेला, आता आत्या. आत्ता कुठे पोर हसायला लागलीय, अबू फारिस."

"आणि तू?"

"मी दिवसा झोपेन. ऊन काही कुणाच्या बापाचं नाही."

नुअमान दारात उभाच राहिला. त्याला ओरडावंसं वाटलं, तिच्यावर, मुतह्हरच्या बायकोवर, विहिरीवरच्या सगळ्या बायकांवर. पण हूरियाने त्याच्याकडून शब्द मागितला, मेलेल्या भावाची आण घालून, आणि त्याने तो दिला. आजवर तिने त्याच्याकडे मागितलं तरी काय होतं? चप्पल काढून तो परत आत आला.

तेव्हापासून त्या घरात दिवसाची रात्र झाली. ऊन पत्र्यांवर आलं की हूरिया नळी लावून झोपायची आणि सूर्य डोंगराआड गेला की उठून भिंतीला पाठ लावून बसायची. गावाला सांगितलं, वय झालं, दुपारी डोळा लागतो. नुअमान तिच्यासोबत जागायचा. तो झोपला तर ती एकटी पडेल म्हणून नव्हे, ती श्वास घेते की नाही हे ऐकायला. ढगाळ दिवशी तिचे ओठ निळसर दिसायचे आणि तो पुन्हा पुन्हा दारातून आभाळ बघून यायचा. आभाळाला काय करणार? ढगांना काही हाताने ढकलता येत नाही.

आणि बैठकीत सगळे त्याच्या बॅटऱ्यांचं कौतुक करत. सगळं लग्न या दोघींनी ओढलं, जलाल ज्याला त्याला सांगायचा. मुतह्हरने सगळ्यांदेखत विचारलं, बॅटऱ्या ठीक आहेत ना, काही कमी-जास्त झालं असेल तर बोल. नुअमान म्हणाला, अव्वल आहेत. मुतह्हरने आपल्या गातच्या जुडीतली सगळ्यात कोवळी डहाळी काढून त्याच्याकडे टाकली. वरच्या घरातून बातमी आली की सासू आता सुनेला चांगल्या पायगुणाची म्हणते, एवढा उजेड कुणाच्या वरातीत पाहिला नव्हता म्हणे. हूरियाने हे ऐकलं आणि त्या रात्री तिला बसल्या बसल्या थोडी झोप लागली.

मग हज्जा आला. हज्जा डोंगरात दगड फोडतो, एका खोलीचं घर, अंगावर सदा पांढरी धूळ. त्याच्या मुलाचं, सबरीचं लग्न ठरलं होतं. तो दाराशी उभाच राहिला, आत ये म्हटलं तरी येईना, धूळ पडेल म्हणाला. फारिसचं लग्न झालं तेव्हा याच हज्जाने घरातली एकुलती एक बॅटरी स्वतःच्या पाठीवर बांधून नुअमानच्या गच्चीवर चढवली होती आणि तीन रात्री त्याची पोरं काळोखात जेवली होती. हज्जाने त्याची आठवण करून दिली नाही. तो फक्त म्हणाला, "उम्म फारिसची सोय माझ्या खोलीत करतो. आम्ही बाहेर झोपू. बॅटऱ्या मिळतील का, अबू फारिस?"

नुअमानने काय करावं? द्याव्यात, तर नवरी दारात असताना त्या दम तोडतील आणि हज्जाच्या सुनेच्या कपाळी कायमचा काळोख लागेल. खरं सांगावं, तर दुपारच्या आत ते विहिरीवर पोचेल आणि तकियाच्या कपाळी लागेल. त्याने नजर हज्जाच्या पायांवरच्या धुळीवर नेली.

"नाही देता येणार," तो म्हणाला.

हज्जा कारण ऐकायला थांबला. कारण आलं नाही. "मुतह्हरच्या घरी दिल्या होत्या," तो हळूच म्हणाला, भांडायला म्हणून नव्हे, आपलं काही चुकतंय का हे बघायला. मग सलाम करून उतरून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर नुअमानला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत नुअमान गेला तेव्हा माणसांनी सरकून जागा दिली. बोलायचं ते बोलले. पण आमच्याकडे आपल्या जुडीतली डहाळी दुसऱ्याकडे टाकायची रीत आहे, तशी त्या दुपारी एकही डहाळी त्याच्या पुढ्यात पडली नाही. तो आपलीच पानं चघळत बसला, ती त्याला कडू लागली. जलाल खाली बघत होता. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, जिथे मेंढा कापतात तिथेच याच्या बॅटऱ्या जातात. इतक्या वर्षांत याच माणसांना त्याने नदीला पूर असताना वर आणलं होतं.

मुतह्हरने त्याला घरी बोलावून घेतलं. कोपऱ्यात बसवून म्हणाला, तुला झालंय तरी काय? गरिबाच्या घरी नाही म्हणतोस? माझी मान खाली गेली, लोक म्हणतात भावाभावांचंच जमतं. नुअमानच्या तोंडापर्यंत आलं. शब्द दिला होता, तरी तो बोललाच असता. त्याने तोंड उघडलं आणि पडदा सारून तकिया आली, हातात आल्याचं किश्र, कॉफीच्या टरफलांचा काढा, घेऊन. अंगाने भरली होती, गालावर रंग होता. मुतह्हर उठून बाहेर गेला, सुनेला तिच्या माणसाशी बोलू द्यावं म्हणून.

तकियाने पेला त्याच्या हातात दिला आणि जवळ बसली. म्हणाली, सबरीची नवरी माझी मैत्रीण आहे, काका, आम्ही एकत्र गवत कापायला जायचो. ती मला म्हणते, तुझ्या वरातीसारखा उजेड माझ्या वरातीतही पडू दे. मी तिला हो सांगून बसले. "बॅटऱ्या द्या ना काका. माझ्यासाठी द्या. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

नुअमानने पेला खाली ठेवला.

"नाही, बेटा," तो म्हणाला.

ती जागेवरून उठली. तिने कारण विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत जे आलं ते नुअमानने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, निदान आपल्याकडे बघताना तरी. "आत्याला माहीत आहे का तुम्ही नाही म्हणालात ते?" तिने विचारलं. "आत्याने असं कधी केलं नसतं. तिच्या घरून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही." मग पेला उचलून, त्यातलं किश्र तसंच असताना, ती आत निघून गेली. आतून सासूने काहीतरी विचारल्याचं आणि तिने हसून उत्तर दिल्याचं त्याला ऐकू आलं.

तो उतरून घरी आला. ऊन अजून पत्र्यांवर होतं. हूरिया जागी झाली होती, नळी बाजूला करून तिने विचारलं, "तकिया भेटली? कशी आहे?"

"मजेत आहे," नुअमान म्हणाला. "तुझी आठवण काढत होती."

"तब्येत सुधारली का?"

"सुधारली. हसते."

हूरियाने डोळे मिटले आणि समाधानाने मान हलवली. मग म्हणाली, अजून ऊन आहे तोवर थोडी पडते. नुअमानने नळी तिच्या नाकाशी नीट लावली, मशीन चालू झालं, आणि तो दाराकडे पाठ करून, सूर्य दिसू नये असा, तिच्या पायाशी बसून राहिला.